न भाजलेले पाय

घरी निघायच्या दिवशी सकाळी साडेअकरापर्यंत मी समुद्राखाली होते आणि संध्याकाळी विमानात बसले. ज्यांना स्कुबा डायव्हिंग माहीत आहे, त्यांना माझा आजार एवढ्या एका वाक्यात कळेल. बाकीच्यांसाठी, आणि मुख्यतः माझ्या घरच्यांसाठी, पुढचं लिहिते आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी बोलते, वाचते, लिहिताना मात्र अडखळते. तरीही मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण ज्यांच्यापासून मी दोन वर्षं एक गोष्ट लपवली ते सगळे मराठीत वाचतात.

माझी नोकरी

मालदीवमधल्या एका लहान बेटावर, एका रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला मी कामाला होते. मला जाऊ देताना पप्पांनी एकच प्रश्न विचारला होता, "पाण्यात उतरायचं काम न्हाय न्हवं?"

मी नाही म्हणाले. तेव्हा ते खरं होतं.

गंमत म्हणजे मला पोहायला पप्पांनीच शिकवलं. मळ्यातल्या विहिरीत, पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधून. पण विहीर आपली होती आणि समुद्र परका.

पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवसांत मी डायव्हिंग शिकले. दुसऱ्या वर्षापासून पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जायला लागले, आणि त्यानंतर तेच माझं काम झालं. मला ते का आवडायचं हे सांगायचं तर, तिथे कुणी बोलत नाही. लहानपणापासून मी "अगं, बोल की काहीतरी" हे ऐकत आलेय. पाण्याखाली बोटांच्या चार खुणांवर सगळं भागतं आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

घरच्यांसाठी मात्र मी कॉम्प्युटरवर बसलेलीच राहिले. व्हिडिओ कॉलच्या आधी केस कोरडे करायचे, फ्रंट ऑफिसचा कोट चढवायचा आणि भिंतीसमोर बसायचं. मम्मी म्हणायची, केस किती राठ झालेत, तेल लावत जा. मी म्हणायचे, इथलं पाणी खारट आहे. तेवढं एक खरं बोलायचे.

नियम

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन शरीरात मुरतो. सावकाश वर आलं आणि पुढे जवळजवळ एक दिवस जमिनीवर थांबलं, की तो श्वासावाटे निघून जातो. त्याआधी विमानात बसलं किंवा डोंगरावर चढलं तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. ते शरीरात कुठे अडकतील हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या पाठीच्या कण्यात अडकले.

हे सगळं मी पाहुण्यांना रोज सांगायचे. हातातल्या घड्याळावरचं विमानाचं बारीक चित्र दाखवून सांगायचे, हे चित्र दिसतंय तोवर उडायचं नाही.

त्या शनिवारी मी पाण्यात उतरणारच नव्हते. पण सकाळी पाहुण्यांना नेणाऱ्या एका सहकाऱ्याचा कान दुखायला लागला, दोन पाहुणे तयार होऊन नावेत बसले होते, आणि आमच्या डायव्हिंग सेंटरच्या प्रमुखाने मला विचारलं, जाशील का. माझं विमान रविवारी आहे अशी त्याची समजूत होती. मी तिकीट एक दिवस अलीकडे घेतलं होतं आणि ते त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर त्याने मला नावेतून उतरवलं असतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पायांत फिन्स चढवले.

त्याआधीचे चार दिवसही मी रोज तीनदा खाली जात होते.

विमानात खिडकीशी बसल्यावर मनगटाकडे लक्ष गेलं. घड्याळावर ते चित्र होतंच. मी घड्याळ काढलं, एका मोज्यात घातलं आणि बॅगेत खाली ठेवून दिलं.

जावळ

घाई होती ती जावळाची. माझ्या दादाचा मुलगा शिवांश अकरा महिन्यांचा झाला होता. आमच्यात जावळाचे केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, आत्याने ते पदरात झेलायचे. मी एकटीच आत्या. रविवार, जोतिबाचा वार, आणि दादाची सुट्टी असं सगळं त्या एका दिवशी जुळत होतं. मम्मीने फोनवर सांगितलं होतं, तू न्हाय आलीस तर बाराव्या महिन्याला करता येत न्हाय, मग तेराव्यापर्यंत थांबायचं का? मी येते म्हणाले.

बेंगळुरूहून बसने रविवारी सकाळी नऊला कोल्हापुरात कावळा नाक्यावर उतरले. खांदे आणि गुडघे ठणकत होते. तळव्यांना मुंग्या येत होत्या. बसमध्ये अवघडले असेन, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आंघोळ करून साडी नेसले आणि अकराला आम्ही गाडीने जोतिबाच्या डोंगराच्या वाटेला लागलो. घाट चढताना कमरेभोवती कुणीतरी पट्टा आवळतंय असं वाटायला लागलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

देवळाच्या आवारात सगळीकडे गुलाल. पायऱ्या गुलाबी, भिंती गुलाबी, माणसांचे कान गुलाबी. शिवांश त्याच्या मामाच्या मांडीवर बसून रडत होता. मी समोर पदर धरून बसले. त्याचे मऊ केस पदरात पडले, ते मी मुठीत घट्ट धरून ठेवले. फोटोत मी हसते आहे.

ते उरकल्यावर आम्ही उन्हातली मोकळी फरशी ओलांडून निघालो. मार्च महिना, टळटळीत दुपार, दगड तव्यासारखा तापलेला. दादा टाचांवर उड्या मारत पळाला. मम्मी पदर सावरत, तोंडाने हाश्शहुश्श करत सावलीत गेली. मी संथ चालत होते. वहिनी सावलीत पोचून मागे वळून बघत होती. ती चंदगडकडची, बोलायला मोकळी, घरात मला हसवणारी तीच एक. ती म्हणाली, "तनूताई, पाय काय लोखंडाचं हायत व्हय तुमचं?"

सगळे हसले. मीही हसले. मग खाली माझ्या पायांकडे बघितलं. गुलालाने माखलेली दोन पावलं दगडावर टेकलेली होती, आणि दगड गरम आहे हे मला कळत नव्हतं. दगड आहे हेही नीट कळत नव्हतं.

आजार काय आहे हे मला त्या क्षणी कळलं. रुग्णालयात जायच्या आधीच. शिकताना परीक्षेत ही लक्षणं मी लिहिली होती आणि मला पूर्ण गुण होते.

पार्किंगच्या पायऱ्या उतरताना डावा गुडघा दुमडला आणि मी खाली बसले. मम्मी म्हणाली उपाशी आहे म्हणून. दादा म्हणाला ऊन लागलं. मी म्हणाले, "हो, ऊन."

वस्ताद

घरी आल्यावर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. संध्याकाळपर्यंत मला उभं राहता येईना. पप्पांनी गल्लीतल्या तालमीतून वस्तादांना बोलावून आणलं. आमच्या पेठेत पाय मुरगळला, पाठ धरली, की डॉक्टरच्या आधी वस्ताद येतात. सत्तरीचे, दुमडलेल्या कानांचे, हातात तिळाच्या तेलाची बाटली. मी लहानपणी सायकलवरून पडले होते तेव्हाही तेच आले होते.

त्यांनी माझ्या पोटऱ्या दाबून बघितल्या. मग म्हणाले, डोळे मिट.

"कळतंय का?"

मी हो म्हणाले.

"आता?"

"हो."

"आनि आता?"

"हो."

मी डोळे उघडले. वस्तादांचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होते.

"बाळ," ते हळू म्हणाले, "मी अजून हातच लावला न्हाय."

मग पप्पांकडे वळून म्हणाले, "आण्णा, ह्यो तेलाचा रोग न्हाय. उचला आनि दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी तेलाची बाटली उघडलीही नव्हती.

वॉर्डमध्ये

दादाने मला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले. ताप आला होता का, पडलीस का, कुठली लस घेतलीस का, काही चावलं का. मी एकेका प्रश्नाला नाही म्हणत गेले आणि एकही उत्तर खोटं नव्हतं. समुद्राबद्दल कुणी विचारलं नाही. कोल्हापुरात कोण विचारणार? पप्पा पलंगाच्या पायाशी उभे होते. मी वाट बघत होते की ते बाहेर जातील आणि मग मी सांगेन. ते गेले नाहीत. नंतर गेले तेव्हा मम्मी आली.

मी तेव्हा का बोलले नाही हे मला लोक अजून विचारतात. मला एवढंच सांगता येतं की बोलले की सगळं खरं होणार होतं. पाय गेलेले आणि दोन वर्षांचं खोटं, दोन्ही एकदम. न बोलता पडून राहिलं तर सकाळपर्यंत मुंग्या कमी होतील, अशी एक वेडी आशाही होती.

मुंग्या कमी झाल्या नाहीत. लघवी व्हायची बंद झाली. हे लिहायला लाज वाटते, पण ज्या कुणावर ही वेळ येईल तिला आधी माहीत असावं म्हणून लिहिते. पोट टम्म फुगलेलं असतं आणि शरीराला आज्ञा देता येत नाही. नळी घालावी लागली. नळी घालणाऱ्या सिस्टर कबनूरच्या होत्या. त्यांनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्या अंगावर चादर नीट ओढली आणि त्यांच्या भावाच्या पॉवरलूमबद्दल बोलत राहिल्या. यंत्र सुरू असलं की घरात एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून त्यांच्याकडे सगळे हातवारे करून बोलतात म्हणे. मला काही बोलावं लागलं नाही. त्या दोन दिवसांत माझ्या वाट्याला आलेली ती सगळ्यात मोठी दया होती.

वहिनी

सोमवारी सकाळी नातेवाईक यायला लागले. मम्मी प्रत्येकाला जोतिबाच्या फरशीची हकीकत सांगत होती. प्रत्येक वेळी ती थोडी बदलत गेली. आधी, सगळे हसत होतो. मग, एकजण असं बोललं. तिसऱ्या वेळी माझ्या मावशीने विचारलंच, कोण बोललं.

"मी कुठं कुणाचं नाव घेतोय?" मम्मी म्हणाली. "पण बोलणाऱ्यानं जीभ आवरावी की. तोंडातनं लोखंडाचं पाय निघालं आनि पोरीचं पाय गेलं."

वॉर्डच्या दाराशी वहिनी शिवांशला कडेवर घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं. ती आत आली नाही. थोड्या वेळाने ती पाण्याच्या कूलरजवळ तोंड धुताना दिसली. पुन्हा पुन्हा धूत होती.

माझ्या गप्प बसण्याची शिक्षा फक्त मला होते आहे असं मी तोवर समजत होते.

डॉक्टर राउंडला आले. पप्पा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. पप्पांना हात जोडताना मी फक्त देवळात बघितलं आहे. डॉक्टर सांगत होते की नसांचा आजार असावा, आणखी तपासण्या लागतील, पाठीतून पाणी काढावं लागेल. मी त्यांना हाक मारली आणि इंग्रजीत बोलायला लागले. भरभर, खालच्या आवाजात, पप्पांना कळू नये म्हणून. किती डाइव्ह, किती खोल, विमान किती वाजताचं, घाट, सगळं. बॅगेतल्या मोज्यात घड्याळ आहे, त्यात सगळ्या नोंदी आहेत, हेही.

डॉक्टर पलंगावर बसले. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि फोन काढला.

"काय म्हणाली?" पप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"काका, तुमची मुलगी तिथं समुद्राखाली उतरत होती," ते म्हणाले. "लोकांना घेऊन. त्यातनं झालंय हे."

मम्मी म्हणाली, काहीतरी चुकतंय डॉक्टर, ही ऑफिसात असती. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तिला म्हणाले, "वहिनीला आत बोलाव." मम्मीने बोलावलं नाही. वहिनीने दारातून ऐकलं होतंच.

साठ फूट

या आजारावर उपचार एकच, रुग्णाला परत दाबाखाली न्यायचं. तशी खोली असलेलं रुग्णालय फोनाफोनी करून पुण्यात मिळालं. दुपारी अँब्युलन्सने निघालो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पाठीवर उताणी, दिसत होतं फक्त छत. शेजारी पप्पा. कराड मागे पडलं.

मग त्यांनी विचारलं, "किती खोल?"

मी मास्क बाजूला केला. "अठरा मीटर. म्हणजे साठ फूट."

"आपली मळ्यातली हिर पन्नास फूट हाय."

त्यांनी माझ्या पायांवरची चादर सारखी केली.

"तळ दिसतो?"

"दिसतो."

त्यांनी माझा मास्क परत तोंडावर नीट बसवला. त्या दिवशी ते एवढंच बोलले.

ती खोली म्हणजे लोखंडी टाकी, एका बाजूला गोल काच. आत मी आणि एक परिचारक. दार बंद झालं, हवा आत यायला लागली, कान दडपले. मी सवयीने नाक धरून कान मोकळे केले. परिचारक म्हणाला, तुम्हाला शिकवावं लागलं नाही. बाहेरून स्पीकरवर आवाज येत होता, सहा मीटर, दहा मीटर. अठरा मीटर म्हटलं तेव्हा मी काचेकडे बघितलं. पप्पा तिथे होते. काचेला कपाळ टेकवून बघत होते. ज्या ठिकाणी मी रोज जायचे आणि जे मी त्यांच्यापासून लपवलं, तिथे मी आहे हे ते बघत होते. फक्त तिथे पाणी नव्हतं, मासे नव्हते, आणि माझे पाय हलत नव्हते.

जवळजवळ पाच तास ते जागचे हलले नाहीत, असं नंतर परिचारकाने सांगितलं.

बाहेर आल्यावर उजव्या पायाचा अंगठा किंचित हलला. पुढच्या दिवसांत आणखी बऱ्याचदा टाकीत गेले. प्रत्येक वेळी थोडं परत मिळालं, प्रत्येक वेळी आदल्या वेळेपेक्षा कमी. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, आता या उपचाराने आणखी फरक पडणार नाही, पुढचं व्यायामाने आणि वेळेने. वेळ किती, ते त्यांना सांगता आलं नाही. पहिल्याच तासात आला असतात तर, असं ते म्हणाले आणि थांबले. वाक्य मी मनात पुरं केलं. अजून करते.

आता

त्याला सहा महिने झाले. मी कोल्हापुरात आहे. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते. डावं पाऊल ओढत चालतं. नळी निघाली आहे, पण घड्याळ लावून बाथरूमला जावं लागतं. दोन्ही तळव्यांना गरम-थंड कळत नाही, म्हणून आंघोळीच्या पाण्यात आधी मम्मी हात घालून बघते. समुद्रात पुन्हा कधीच उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. रिसॉर्टमधून माझं सामान एका खोक्यात आलं. मी ते उघडलेलं नाही.

मम्मीने वहिनीची माफी मागितली नाही. एकदा तिच्यासाठी भर दुपारी स्वतः चहा करून नेला, एवढंच. वहिनी माझं सगळं करते, पाय चेपते, काठी हातात देते. पण त्या दिवसानंतर तिने माझी एकदाही चेष्टा केलेली नाही. मी मुद्दाम वेडंवाकडं चालून दाखवलं तरी ती हसत नाही. हे मला पायांपेक्षा जास्त लागतं.

तुमच्या अंगाला काही होत असेल आणि त्याचं कारण तुम्हालाच माहीत असेल, तर ते पहिल्या तासात कुणाला तरी सांगा. ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. यापेक्षा जास्त शहाणपण माझ्याकडे नाही.

रोज सकाळी पप्पा माझ्या पलंगाच्या पायाशी बसतात. वस्तादांनी दाखवलं तसं. कधी केरसुणीची काडी, कधी बोट, कधी काहीच नाही. मी डोळे मिटते. ते विचारतात आणि मी उत्तर देते. सुरुवातीला त्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणायचा मोह व्हायचा. कुठे हो म्हटलं की ते खूश होतील हे त्यांच्या श्वासावरून कळायचं.

आज त्यांनी विचारलं, "कळतंय का?"

मी वाट बघितली. लक्ष सगळं खाली नेलं. काही नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

मी डोळे उघडले. माझं डावं पाऊल त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं.